दोन दिवसांचा पाहुणा

कोलोन, १४ ऑक्टोबर २००७

ती. क्षितिजाताईस,
यशोधनचा शि. सा. न. वि. वि.

फोन तुझ्या सासूबाई उचलतात, म्हणून हे पत्र. शुद्धलेखनाला हसू नकोस, ते बारावीतच गचकलं. इंग्लंडात लेस्टरला जाऊन आलो. का, ते विचारू नकोस. एकाची व्हॅन निघाली होती, बसलो. तिथल्या सामोशात नुसते वाटाणेच, बटाटा शोधावा लागतो. असो. झोपायला जागा हवी म्हणून तुझ्या सत्यजितरावांच्या राजाभाऊमामांचं दार वाजवलं.

मामा आता तिथे राहत नाहीत. नीतामामींनी दारातच सांगितलं, आवाज न चढवता, की शेजारच्या लहान मुलीच्या अंगाला हात लावला म्हणून त्यांना शिक्षा झाली. आता पोलिसांच्या यादीत नाव आहे. देशाबाहेर तीन दिवस किंवा जास्त जायचं तर कुठे, कुणाकडे, ते आधी कळवावं लागतं. त्याहून कमी असेल तर नाही.

आठव, ताई. तू राहायचा आग्रह करायचीस आणि ते हात जोडायचे, की पाहुण्यानं दोन दिवसांत उठावं. आपण त्यांना संकोची म्हणायचो. मी त्यांच्या पायाही पडलोय. हात धुवून धुवून किळस जात नाही. दिवाळीला येणारेत ना? येऊ देऊ नकोस.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
यशोधन

आखन, २१ ऑक्टोबर

चि. यशोधन यास अनेक आशीर्वाद.

आधी तुझाच राग आला. मग सत्यजितला वाचून दाखवलं. तो उठून गाडी पुसायला गेला. सासूबाईंना सगळं आधीपासून ठाऊक होतं! मेथी निवडता निवडता म्हणाल्या की भावानं शिक्षा भोगली, आणि येतो तो दोन दिवस, तेवढं लक्ष ठेवलं की झालं. ठेवलं कुणी? मी तर त्यांच्यासाठी पुरणपोळ्या लाटत होते. ते ताट कचऱ्यात टाकलं.

सुरुचीला जवळ घेऊन विचारलं. ती जर्मनमध्येच म्हणाली की काही झालं नाही. फक्त पुढच्या खेपेला मामाआजोबा तिला एकटीला पोहायला नेणार आहेत, आणि ते आईला सांगायचं नाही.

मी मामांना फोन लावला. ओरडले नाही, नेहमीसारखा आग्रह केला. म्हटलं, या वेळी आठ दिवस राहा, निघण्याआधी तिथल्या पोलिसांना आमचा पत्ता द्या, इथल्यांना मी सांगून ठेवते. मग गुडघे दुखतात म्हणाले. येत नाहीत.

वेळेवर जेव. ताईची माया आहे तशीच आहे.
क्षितिजा

कायझर्सलाउटर्न, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता बघून दचकू नकोस. मामांचे गुडघे बरे झाले. तुझ्या सासूबाईंनी त्यांना स्वतःच्या लेकीकडे वळवलंय, इथे सुलेखाताईंकडे, आणि त्यांना दोन मुली. उद्या येतात, परवा जातात. सत्यजितरावांनी मला कळवलं. तुला सांगायला तोंड नाही म्हणाले. तोंड आईपुढे उघडायचं होतं.

सुलेखाताईंना सगळं सांगितलं. आपली आई असं करणारच नाही म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. चहात साखर घालायची विसरल्या, म्हणजे थोडं आत पोचलं असावं. फराळ मात्र तुझ्यापेक्षा बरा, रागावू नकोस.

मी कुठेच टिकत नाही, तू नेहमी म्हणतेस. इथे सॅक रिकामी करून कपडे कपाटात लावलेत आणि मुलींच्या खोलीच्या दाराशी गादी टाकलीय. उद्या बेल वाजली की दार मी उघडणार.

धाकट्यावरची माया राहू दे.
यशोधन