मधले आठ दिवस

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ती. ताईस,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र लगेच उघडणार नाहीस, हे धरूनच चालले आहे. दोन दिवस ते फ्रिजवर पडून राहील, मग तू भाजी ठेवायच्या निमित्ताने त्याच्याकडे बघशील, आणि तिसऱ्या दिवशी उघडशील. तेवढे दिवस हिशेबात धरूनच आज टाकते आहे. पण एकदा उघडलंस की शेवटपर्यंत वाच. मधेच सोडलंस तर माझ्याबद्दल चुकीचं मत होईल, आणि आधीचंच पुरेसं वाईट आहे.

इकडे सगळं ठीक. माझी तब्येत उत्तम, जरा जास्तच उत्तम. गणवेशाच्या शिवणी उसवून घ्याव्या लागल्या. तुमच्या जुन्या घरात आता दोन जुळी मुलं आणि त्यांचे दमलेले आईबाप राहतात. जिन्यातला दिवा अजून तसाच, लागला तर लागला. भावजींना नव्या हॉस्पिटलात बाह्यरुग्ण विभाग दिलाय असं औषधांच्या खिडकीवरच्या बाईंकडून कळलं. प्रत्येक पेशंटला ते पाच मिनिटं जास्त देत असतील आणि मागची रांग वैतागत असेल. ते काही बदलायचे नाहीत, आणि बदलूही नयेत.

ताई, तुम्ही जाऊन पाच महिने झाले, पण झाल्या गोष्टीविषयी आपण दोघी कधी बोललोच नाही. सामान बांधताना तू एकच वाक्य बोललीस, "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस," आणि खोक्याला चिकटपट्टी लावत राहिलीस. मीही दुसरं टोक धरून उभी होते. म्हणून आज पहिल्यापासून सांगते. काही तुला माहीत आहे, ते पुन्हा ऐक.

माझं काम म्हणजे फोन करणं आणि फायली लावणं, असं तू सगळ्यांना सांगायचीस. अगदीच खोटं नाही. गुडघेदुखीवरच्या त्या नव्या गोळीच्या अभ्यासात एक्केचाळीस माणसं होती, सगळी साठीच्या पुढची. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी. कोणाला कोणती, हे ना त्यांना माहीत, ना मला, ना भावजींना. भावजी प्रमुख संशोधक, मी समन्वयक. ही एक्केचाळीस माणसं माझी. पहिल्या दिवशी त्यांना संमतिपत्र वाचून दाखवणारी मी, दर पंधरा दिवसांनी बोलावून "काही त्रास?" असं विचारणारी मी. त्या संमतिपत्रात एक वाक्य आहे: तुमच्या सुरक्षिततेबाबत नवीन काही कळलं तर ते तुम्हाला सांगितलं जाईल. एक्केचाळीस वेळा ते वाक्य मी समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं आहे.

एप्रिलमध्ये एक निवृत्त पोस्टमन न्हाणीघरात पडले. कपाळाला सहा टाके, एक रात्र हॉस्पिटलात. असं काही झालं की एक फॉर्म भरून वर पाठवायचा असतो, आणि त्यात एक प्रश्न असतो: याचा औषधाशी संबंध आहे का? भावजींनी "नाही" वर खूण केली आणि पुढे लिहिलं, "वय."

मी तेव्हा तो फॉर्म तसाच पाठवून दिला. पण माझी ती वही तुला आठवत असेल, जिच्यावरून तू मला चिडवायचीस की ही सासूसारखी सगळं टिपून ठेवते. त्या वहीत मागे गेले तर एक शिंपी सापडले. मशीनवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, भिंत धरली म्हणून वाचले. त्याच्याही मागे एक बाई, बसमधून उतरताना तोल गेलेल्या. फॉर्ममध्ये दोघांपुढे "किरकोळ" एवढंच. तिघांनाही मी पुन्हा फोन केला आणि एकच विचारलं, गोळी किती वाजता घेतली होती? तिघांनीही तासाभरापूर्वी घेतली होती, आणि तिघंही नुकतेच बसल्या जागेवरून उठले होते.

मी भावजींकडे गेले. ते जेवणाचा डबा उघडत होते, तो त्यांनी पुन्हा बंद केला.

"बारके, म्हातारी माणसं पडतात," ते म्हणाले.

"पडतात. पण तिघं, गोळीनंतर तासाभरात, उठतानाच?"

"तिघांवरून काही ठरत नाही."

"आपण ठरवायचंच नाही, भावजी. समितीला कळवू, त्या लोकांना ठरवू दे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणखी एकदोन भेटी होऊ देत. घाईने चांगल्या औषधाचा गळा घोटायचा नाही मला. तू त्यांचे गुडघे बघितले आहेस ना?"

बघितले होते. कठड्याशिवाय जिना चढणारी माणसंही बघितली होती. ताई, ते खोटं बोलत नव्हते. तुमच्या घरात सात वर्षं काढली आहेत मी. ते खोटं बोलताना कसे दिसतात हे मला माहीत आहे. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं, आणि खरी अडचण तीच होती. ज्याचा जीव औषधावर जडला आहे, त्याने त्याच औषधाचा न्याय करू नये. मुलाच्या परीक्षेला बापाला पर्यवेक्षक ठेवत नाहीत.

समन्वयकाला प्रमुखाला वगळून अभ्यासावर देखरेख ठेवणाऱ्या नैतिक समितीला थेट कळवता येतं, तसा नियमच आहे. मंगळवारी दुपारी मी समितीच्या सचिवांच्या नावे पत्र तयार केलं. दीड पान. सही केली, तारीख घातली. ते पत्र मी पुढच्या बुधवारी दिलं.

मधले आठ दिवस ते माझ्या खणात होतं.

त्या बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास बटणवाल्या आजी पडल्या. तू त्यांना एकदा बघितलं आहेस. हॉस्पिटलच्या फाटकासमोरच्या गल्लीत त्यांचं बटणांचं दुकान, सतराशे साठ डब्या आणि मधोमध एक स्टूल. तुझ्या करड्या कोटाचं हरवलेलं बटण त्यांनीच जुळवून दिलं होतं. गिऱ्हाईक आलं म्हणून त्या स्टुलावरून उठल्या आणि सरळ खाली गेल्या. खुब्याचं हाड मोडलं. त्यांच्या मुलीचा फोन मला आला, कारण गोळ्यांच्या डबीवर माझा नंबर असतो. मी फोन ठेवला, खण उघडला, आणि पत्र घेऊन सचिवांच्या खोलीत गेले. तारखेकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे तर मागच्या मंगळवारचं आहे."

"हो," मी म्हटलं. "उशीर झाला आहे."

पुढचं तुला माहीत आहे. त्याच दिवशी नव्या गोळ्या देणं थांबवलं. कोणाला कोणती गोळी हे लिहिलेली बंद पाकिटं फोडून पाहिली, तर पोस्टमन, शिंपी, बसवाल्या बाई आणि आजी, चौघांनाही खरी गोळी होती. समितीपुढे भावजी उठून उभे राहिले आणि म्हणाले, "निर्णय माझा होता आणि तो चुकला." बसून बोललं असतं तरी चाललं असतं. त्यांनी एका शब्दानेही माझ्यावर ढकललं नाही. त्यांच्याकडून अभ्यास काढून घेतला, विभागप्रमुखपद दुसऱ्यांना गेलं, आणि तुम्ही शहर सोडलंत.

तुला कदाचित माहीत नसेल, जायच्या आदल्या दिवशी ते आजींना भेटायला वॉर्डात आले होते. मी तिथेच होते, पडद्यापलीकडे. ते बराच वेळ बसले. "मला तेव्हाच थांबवायला हवं होतं," ते म्हणाले. आजी म्हणाल्या, "डॉक्टर, माझा गुडघा मात्र खरंच दुखायचा थांबला होता. तेही लिहून ठेवा." ते हसले आणि चष्मा काढून पुसत राहिले.

ते लिहून ठेवलं आहे, ताई. अभ्यास ऑगस्टपासून पुन्हा सुरू झाला. डोस निम्मा, गोळी झोपायच्या आधी, आणि उठताना रक्तदाब उतरतो का हे कळावं म्हणून प्रत्येक भेटीत तो एकदा आडवं झोपवून, एकदा उभं करून मोजायचा. सगळ्यांना मी एकेक करून फोन केले, काय झालं ते सरळ शब्दांत सांगितलं, आणि पुन्हा सह्या घेतल्या. एकोणतीस जण परत आले. पोस्टमन आले, शिंपी आले नाहीत. "माझं पोट मशीनवर आहे, तिच्यावरच पडलो तर?" म्हणाले. बरोबर आहे त्यांचं. तेव्हापासून एकही जण पडलेला नाही. भावजींना हे जरूर सांग. गोळी चांगली आहे. त्यांचा अंदाज त्या बाबतीत चुकला नव्हता.

आजी आता चौकटीची काठी धरून चालतात. नवीन संमतिपत्र त्यांनी वाचायला मागितलं आणि लाल पेनाने अर्धं खोडलं. "'प्रतिकूल घटना उद्भवल्यास' म्हणजे काय गं? पडलात तर, असं लिहा की." समितीने त्यातली नऊ वाक्यं जशीच्या तशी घेतली.

दर रविवारी चार वाजता मी त्यांच्याकडे जाते. सप्टेंबरात एकदा बटणं निवडता निवडता त्यांना सांगितलं, की पत्र आठ दिवस आधीच लिहून तयार होतं. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी हातातलं बटण खाली ठेवलं.

"आठ दिवस आधी मला कळलं असतं तर मी गोळी बंद केली असती का?" त्या म्हणाल्या. "कोण जाणे. गुडघा बरा होता, कदाचित घेतलीही असती. पण ते मी ठरवलं असतं. माझ्या हाडाचं काय ते मी ठरवलं असतं."

मग त्यांनी विचारलं, "का थांबलीस?"

"धीर झाला नाही," मी म्हटलं.

समितीलाही मी आधी सांगितलं होतं की नोंदी पुन्हा तपासत होते, आणि नंतर सांगितलं की धीर झाला नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अपुरं. कारण धीर झाला होता, ताई. सही मी एका झटक्यात केली होती.

त्या मंगळवारी संध्याकाळी तुझा फोन आला होता. भावजींनी जेवताना सहज काहीतरी सांगितलं असणार, आणि तू मला ओळखतेस. वही उघडली की मी थांबत नाही, हे तुला माहीत. तू ओरडली नाहीस. रागावलीही नाहीस. म्हणालीस, "बारके, महिनाअखेरीपर्यंत थांब. विभागप्रमुख म्हणून त्यांची निवड होऊ दे. एवढं माझ्यासाठी कर. आजवर काही मागितलं नाही तुझ्याकडे." आणि ते अक्षरशः खरं होतं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, शिकवलंस, आणि कधी काही मागितलं नाहीस. पहिल्यांदा मागितलंस, आणि मी "बरं" म्हटलं.

भावजींना तू हे सांगितलं नव्हतंस, हे मला माहीत आहे. त्यांनी तुला तो फोन करूच दिला नसता.

हे मी आजवर कोणालाही सांगितलं नाही. फोन तुझा होता, पण आठ दिवस माझेच आहेत. खणाची किल्ली माझ्याकडे होती. एवढ्यावर थांबता आलं असतं तर हे पत्र मी लिहिलंच नसतं. पण २८ तारखेला समितीपुढे माझी शेवटची जबानी आहे, आणि त्यांनी प्रश्न आधीच लेखी पाठवले आहेत. चौथा प्रश्न असा: "या काळात अहवाल लांबवण्याविषयी आपले कोणाशी बोलणे झाले होते काय?" मी लिहिणार आहे: हो, माझ्या मोठ्या बहिणीशी. तिने थांबायला सांगितलं आणि मी थांबले. थांबायचं की नाही, हा निर्णय माझा होता.

मी तुझी परवानगी मागत नाही. हे तिथल्या कागदावर जाण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. भावजींनाही तूच सांग, समितीकडून त्यांच्या कानावर जायच्या आत. ते आधी चष्मा पुसतील, आणि मग तुझ्या शेजारी येऊन बसतील. मला त्यांची खात्री आहे.

तुला वाटेल, ही किती कोरडी झाली. तसं नाही. मला शिकवताना तूच सांगायचीस की गणित चुकलं तर पान फाडायचं नाही, चुकलेलं दिसू द्यायचं आणि खाली बरोबर करायचं. आपण दोघींनी मिळून एक गणित चुकवलं, आणि त्याची शिक्षा एका तिसऱ्याच बाईच्या हाडाला झाली. ते पान मला फाडायचं नाही.

२३ तारखेच्या रविवारी मी आजींना उरलेलं सांगणार आहे. चार वाजता, दुकानाच्या मागच्या खोलीत. त्या विचारतील, "कोण ही बहीण?" त्या वेळी तू समोर असलीस तर मला उत्तर द्यावं लागणार नाही. सकाळच्या गाडीने निघालीस तर तीनला पोचशील. मी स्टेशनवर असेन. नाही आलीस तर चार वाजता मी एकटी जाईन, आणि तुझं नाव घेताना एकही वाईट शब्द जोडणार नाही, कारण माझ्याकडे तसा शब्दच नाही.

तुझ्या शब्दाखातर एकदाच थांबलेली, आणि यापुढे थांबणार नाही अशी,

तुझी
बारकी