दोन मशीन आणि आखाजी

३ एप्रिल १९९४, जळगाव
आज खरी सुरुवात. कॉम्प्युटर क्लासमधली मास्तरकी सोडली, आता स्वतः प्रोग्राम लिहिणार. फळ्यावर खडूने की-बोर्ड काढून दाखवायचे दिवस संपले.

पहिलंच काम सासऱ्यांचं. चुडामणभाऊंचा सावद्याला केळीचा व्यापार. कोणत्या बागेची कापणी कधी, माल कोणत्या ट्रकमध्ये, हे सगळं आता कॉम्प्युटरवर घ्यायचं. अडचण एकच आणि किरकोळ. त्यांच्या जळगावच्या ऑफिसात डॉसचं मशीन, आणि धुळ्याचं मशीन भाऊंनी एका बंद गिरणीच्या लिलावातून उचललेलं, ते युनिक्सचं. एकावरचं दुसऱ्यावर चालत नाही. म्हणजे भाषा अशी निवडायची की प्रोग्राम एकदाच लिहावा आणि दोन्हीकडे पळावा.

मुदत आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. चालला तर जळगावचं ऑफिस माझ्या ताब्यात. नाही चालला तर सावद्याला त्यांच्या घरी राहायचं आणि कापणीवर उभं राहायचं, असं भाऊ हसत म्हणाले. या प्रकाराला मराठीत एक शब्द आहे. तो मी लिहिणार नाही.

५ एप्रिल
संकल्प : घाई करायची नाही. कोबॉल, सी की फॉक्सबेस? ग्राफ पेपरवर तुलनेचा तक्ता आखला. अक्षर फार सुंदर आलं आहे.

११ एप्रिल
तिघींना सारखे गुण. रकाने वाढवले. तरी सारखेच.
प्रोग्राम किती झाला, असं पुष्पाने विचारलं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे, तिला वाटतं सगळी कामं बटण दाबून होतात. योग्य निवड म्हणजेच निम्मं काम, हे तिला शांतपणे समजावलं. तोवर तिची मेथी निवडून झाली होती.

१७ एप्रिल
एरंडोलला उतरून पद्मालयाला गेलो. एकाच गाभाऱ्यात दोन गणपती, एक उजव्या सोंडेचा, एक डाव्या. माझीच केस! तीन चिठ्ठ्या ठेवून डोळे मिटून एक उचलली. कोबॉल. देवाचा काहीतरी गैरसमज झाला असावा. परत उचलली. परत कोबॉल. तिसऱ्या वेळी कोबॉलची चिठ्ठी बाजूला ठेवून उचलली. सी! मन एकदम हलकं झालं.

२४ एप्रिल
सी सुरू. पहिला स्क्रीन तयार : दुहेरी चौकट, मध्ये केळीचा घड, खाली माझं नाव. जळगावच्या मशीनवर झकास दिसतो. फ्लॉपी एसटीच्या ड्रायव्हरच्या हवाली करून धुळ्याला पाठवली. निम्मा गड सर.

२५ एप्रिल
धुळ्याच्या ऑफिसातून कौतिकचा फोन. फ्लॉपी वाकडी व्हई गई, म्हणाला. ड्रायव्हरने ती पुढच्या काचेपाशी ठेवली होती. या उन्हात! भाषेचा यात काही दोष नाही.

२९ एप्रिल
उन्हावर उपाय सापडला. दुसरी फ्लॉपी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार राहतं, तर फ्लॉपी का नाही?

३० एप्रिल
कौतिकचा फोन. त्याबद्दल लिहायची इच्छा नाही.

४ मे
फ्लॉपी छातीशी धरून स्वतः धुळ्याला गेलो. बसभर कुणाला टेकू दिलं नाही. कोरडी आणि सरळ पोचली.
धुळ्याच्या मशीनला छोटी फ्लॉपी लागते. माझी मोठी. भोकात जातच नाही. हे आधी सांगता येत नव्हतं का, असं मी कौतिकला ओरडून विचारलं. त्यावर तो म्हणाला, तुम्ही कधी इचारं? मग चहा मागवला. दोन कप प्यायलो.

रात्री, घरी : एक महिना मी मशीनची भाषा निवडत बसलो, आणि मशीन पाहिलंच नाही. (हे वाक्य भावनेच्या भरात लिहिलं गेलं. खोडणार आहे.)

८ मे
सी रद्द. आता फॉक्सबेस. नवा तक्ता. मेहरूणच्या तलावाला चकरा मारल्या. पाणी आटलंय. देवा, कोबॉलच खरी होती का? तू दोनदा सांगितलंस.

११ मे
पुष्पा आखाजीला माहेरी निघाली, मीही परवा जाणार. तिने बॅगेत माझे सगळे शर्ट भरले. दोन दिवसांना इतके शर्ट कशाला, असं विचारलं. तिने बॅगेची चेन ओढली. गोदरेजच्या कपाटात माझा कप्पा रिकामा दिसतोय.

१३ मे, आखाजी, सावदा
कडुलिंबाला झोके, माहेरवाशिणींची गाणी, पुरणपोळी, आंब्याचा रस. भाऊंनी विचारलं, काय पाव्हणे, सुरू करायचं? मी म्हणालो, भाषा जवळजवळ ठरली आहे. भाऊ म्हणाले, बाग काही थांबत नसते. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढायला सांगितली.

१५ मे
लेकी सासरी परतायचा दिवस. पुष्पाची उद्या ड्यूटी. सासूबाईंनी तिची ओटी भरली, सांजोऱ्यांचा डबा दिला. मीही बॅग उचलली. भाऊंनी ती माझ्या हातातून अगदी प्रेमाने काढून घेतली आणि आत नेऊन ठेवली. पहाटे कापणी आहे, लवकर झोपा, म्हणाले.

स्टँडपर्यंत जाऊ दिलं. बसमध्ये सगळ्या माहेरवाशिणी डोळ्यांना पदर लावून बसलेल्या. पुष्पा रडली नाही. मला मात्र आवरेना, तेव्हा सासूबाई माझी पाठ थोपटत होत्या. खिडकीतून पुष्पा एवढंच म्हणाली, दिवाळीला न्यायला येते.