ट्रायलला बोलावलं, कोट काही मिळाला नाही

ती. ताई,

साष्टांग नमस्कार. (डाव्या हातावर भार द्यायला डॉक्टरांची सक्त मनाई आहे, डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात. तेव्हा आठातलं एक अंग वजा धर, बाकी सात तुझ्या पायाशी.) तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला? शेजारणीशी धरलेला अबोला सुटला, की अजून मजा येतेय? इकडे आम्ही झकास. आठवड्यातले तीन दिवस मी यंत्राला बांधलेला असतो, उरलेले दिवस तुझ्या भावजयीच्या धाकात. त्यातल्या त्यात यंत्र बरं, ते मी किती घोट पाणी प्यायलो हे विचारत नाही.

आता तुझ्या फोनबद्दल. ‘माझी एक किडनी घे आणि मोकळा हो’ हे तू अशा थाटात सांगतेस, की जणू घरात जास्तीची छत्री पडून आहे. मी नाही म्हटलं होतं आणि अजूनही नाहीच म्हणतो. मोठ्या बहिणीच्या अंगाला माझ्यापायी कात्री लागलेली मला खपणार नाही. शिवाय आता त्याची गरजच उरली नाही, हे कळवायलाच पत्र लिहायला बसलोय.

झालं असं, की आमचे किडनीचे डॉक्टर परवा म्हणाले, कमरेला बांधून हिंडता येईल असं डायलिसिसचं यंत्र निघतंय, मागच्या इमारतीत त्याची ट्रायल आहे, जाल का? आता तूच सांग, उभा जन्म शिवणयंत्रावर गेलेल्या माणसाला ट्रायल म्हटल्यावर दुसरं काय कळणार? कच्च्या टाक्यांचा कोट अंगावर चढवायचा, खांदा बसतो का बघायचं आणि पुढच्या आठवड्यात तयार माल घरी न्यायचा! मी दुकानात सगळ्या गिऱ्हाइकांना सांगून टाकलं. बायकोला बजावलं, की यंत्र आलं की पहिल्या दिवशी मी तांब्याभर पाणी एका दमात पिणार आहे आणि तू मध्ये बोलायचं नाहीस. (ती बोललीच.)

गळ्यात टेप, खिशात खडू, अशा जामानिम्यात मी हजर झालो. संशोधन करणाऱ्या बाई आमच्या धाकट्या लेकीच्या वयाच्या, पण बोलायला गोड. एका पुतळ्याला पट्टा बांधलेला, पट्ट्याला डबी, डबीतून नळ्या. बाईंनी समजावलं, की एरवी डायलिसिसला पिंपंच्या पिंपं पाणी लागतं, हे यंत्र थोडंसंच पाणी पुन्हा पुन्हा गाळून वापरतं, म्हणून ते एवढं लहान. मी मान डोलावली, पण लक्ष सगळं पट्ट्याकडे. कमरेत घट्ट, पाठीत झोळ! हात शिवशिवले, आणि बाई मागे वळल्या तेवढ्यात मी खडूनं दोन रेघा मारून मोकळा झालो. अगं, केवढ्यानं ओरडल्या त्या! ती धूळ आत गेली तर सगळंच मुसळ केरात, हे मला कुठे ठाऊक? नशीब, तो नुसता दाखवायचा नमुना निघाला. मी आपला हात वर करून मापाला उभा, आणि विचारतोय, तयार कधी मिळेल?

बाईंनी मला खुर्चीत बसवलं, तेव्हाच काय ते समजलो. त्यांची ट्रायल म्हणजे चाचणी. यंत्र काही तास बांधायचं, धोका नाही ना ते बघायचं आणि काढून परत द्यायचं. मग आणखी माणसांवर, मग आणखी. मग परवानग्या, मग ते परवडेल कुणाला आणि घरी चालवायला शिकवेल कोण याचा घोळ. वर्षं जातील, म्हणाल्या, किती ते खोटं सांगणार नाही. मी म्हटलं, बाई, तुमच्यापेक्षा आम्ही शिंपी बरे, निदान ‘उद्या या’ तरी म्हणतो. त्या हसल्या, मीही हसलो. नाव मात्र देऊन आलो. जो अजून आजारीही पडलेला नाही, त्याला तरी तो कोट अंगाबरोबर बसू दे.

तर एकूण काळजीचं कारण नाही. शास्त्र पुढे चाललंय, मी थांबायला तयार आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा खडूबहाद्दर भाऊ

ता. क. बायकोनं पत्र वाचलं. म्हणाली, यंत्र पोचेपर्यंत यांना थांबता येईल का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं आणि ते गप्प बसले होते, ते कुठे लिहिलंय? ते लिहायचं राहिलं खरं.

आणखी एक. ताई, मला भीती वाटते. तुझ्या जिवाचीही आणि माझ्याही. किडनी देण्याआधीच्या तपासणीत डॉक्टर तुला नको म्हणाले, तर तिथेच विषय संपवायचा, भांडायचं नाही. पण तपासणीला ये. मागायची लाज वाटली म्हणून एवढं पाल्हाळ लावलं, नाहीतर लिहायचं एवढंच होतं. ये.