मेल्याचा वास

३ मे
पोचलो एकदाचा! मुंग्यांचं संशोधन केंद्र म्हणजे वाळवंटात तीन खोल्या, पाण्याची एक टाकी आणि आम्ही चौघं: मॅडम, मावशी, जीपचे ड्रायव्हरकाका आणि मी. मॅडम मुंग्यांशी जितकं गोड बोलतात तितकं माणसांशी बोलत नाहीत. स्वयंपाकाच्या मावशींनी माझ्या टांगा पाहून मला लगेच ‘लंबू’ करून टाकलं. इथल्या मुंग्याही लांब पायांच्याच. चपलेचा तळ पोळतो अशा भर दुपारी बाहेर पडतात आणि उन्हानं मेलेले किडे घरी नेतात. जिवंताच्या वाटेला जात नाहीत. आईला फोनवर म्हटलं, मग मला कसली भीती!

५ मे
आज गंमत पाहिली. मेलेल्या मुंगीला एक तेलकट वास येतो. मॅडमकडे तो बाटलीत आहे. त्यातला थेंब एका धडधाकट मुंगीला लावला. बाकीच्यांनी तिला उचलून वारुळाबाहेर, मढ्यांच्या ढिगावर टाकलं. ती पाय झाडत होती, तरी नेली. परत आली, पुन्हा नेली. मॅडम म्हणाल्या, वास धुतला जाईपर्यंत ती त्यांच्या लेखी मेलेलीच. मी पोट धरधरून हसलो.

८ मे
माझ्या वेंधळेपणाला तोड नाही. ती बाटली कलंडली, सगळी अंगावर. टाकी तळाला गेलीय, टँकर परवा. धुवायला तांब्याभर पाणी मिळालं. वास तसाच.

९ मे
दुपारी मुंग्या खोलीत आल्या. चावल्या नाहीत, नुसत्या ओढत होत्या. घाबरलो, खोटं कशाला बोलू. सांगायला गेलो तर मॅडमनी वर पाहिलंच नाही. माझं ताटही वाढलेलं नव्हतं.

१० मे
टँकर नाही. मावशी डोळे पुसत ड्रायव्हरकाकांना म्हणाल्या, चांगला होता हो लंबू. मी समोर उभा! ओरडलो, खांदा हलवला. त्यांनी फक्त नाकाला फडकं लावलं.
आईला फोन लावला. ती हॅलो म्हणते तोच मॅडमनी तो माझ्या हातातून अलगद काढून घेतला. तिला म्हणाल्या, फार त्रास झाला नाही त्याला.
आई रडत होती. मला ऐकू येत होतं.

११ मे
वाळूनं अंग घासलं. रक्त आलं, वास नाही गेला —
दुपारी तिघं मला उचलून टेकडीमागे ठेवून आले. चालत परत आलो.

१२ मे
टँकरचा हॉर्न! पाणी — नुसता नळापर्यंत पोचलो तरी पुरे —
काका दारात. चादर घेऊन. मी पाय झाडतोय — मावशी रडत सांगतायत, या वेळी जरा लांब —