आश्रित बाईच्या मालकीचं जे काही आहे ते

चार रात्री माझा डोळ्याला डोळा लागलेला नाही. उद्या सकाळी दहाला परवाना ऑफिसात, या देशात राहायचा परवाना देतात तिथे, हजर व्हायचंय, सोबत एकच पिशवी, असं नोटिशीत आहे. आमच्या शिवणखान्यातली इस्त्रीवाली अशीच पिशवी घेऊन गेली, ती परत आली नाही. तरी माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी जबरदस्ती केलेली नाही, हे मी माझ्या हाताने लिहिते. कटिंगमास्तर म्हणाले, "अगं, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं." मी म्हटलं, "मला इथून घालवतील तो दिवस मेल्याचा धरा."

पहिलं म्हणजे माझी मुलगी ठमी, वय चार. तिला माझ्या भावाकडे द्यावं, बापाकडे नाही. बाप इथला, म्हणून ती नागरिक. नऊ महिने मी पोटात वागवली, आणि तिच्या जन्माच्या कागदावर मी आश्रित. झोपताना तिला कोणाच्या तरी कानाची पाळी धरायला लागते. धरू द्यावी.

शिलाई मशीन काजेबटणवालीला. पायडल कडक झालंय, तेल घालून घे गं. मोठी कात्री मास्तरांचीच आहे, ती त्यांना परत.

आता नवरा. इथे आणताना अर्ज त्यानेच भरला. मी म्हटलं, शिवणकाम करते असं लिहा. तर म्हणाला, "आश्रित लिहू, लवकर होतं. शब्दच तर आहे." मी सही केली. सहा वर्षं मी शिवलं आणि तो पलंगावर बसून जेवला. आता दुसरीबरोबर राहायला गेला आणि ऑफिसात लिहून आला, ही माझ्यावर अवलंबून नाही. जन्मात एकदा खरं लिहिलं मेल्याने, आणि त्यावरच माझा आश्रित म्हणून मिळालेला परवाना गेला.

खिडकीवरच्या साहेबांना मी सांगितलं, "मी कमावते."

"कागदावर तुम्ही आश्रित आहात, बाई."

"मग तो कोणाच्या जिवावर जेवत होता?"

"ते या खिडकीवर विचारायचं नाही."

नवऱ्याला पलंग द्यावा. स्वतः उचलून न्यावा, तेवढं तरी काम होईल हातून.

ठमी मोठी झाली की तिच्या अर्जावर दुसऱ्या कोणी एक अक्षर लिहू नये. मामानेसुद्धा नाही. तिने वाचावं, विचारावं, मग सही करावी.

साक्षीदार: शेजारची नर्सताई (ठमी उद्यापासून तिच्याकडे), कटिंगमास्तर. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
ठिकाण: शिवणखान्यामागची खोली. बुधवार, नऊ तारीख.

उद्या मी संध्याकाळपर्यंत आले नाही, तर हे वाचेल त्याने माझ्या भावाला फोन करावा. नंबर मागच्या बाजूला आहे. मी आधी केला नाही, कारण तो तापट आहे, ऑफिसात येऊन कोणाची तरी कॉलर धरेल आणि त्याचाही परवाना जाईल. त्याला सांगा, ऑफिसात जाऊ नकोस, सरळ नर्सताईकडे ये. आणि ठमी जेवली का ते आधी बघून मग फोन लावा, तो तेच विचारेल.