धोंडजीच्या घराचं ‘होय’

८ फेब्रु., रवि.
सारिका, दादांची मुलगी, आज रात्रीच्या गाडीने विरारला परत. दोन दिवस वरच्या वाडीत आईजवळ होती. आई खाली यायला तयार नाही. वहिनींचं एकच: "देवी वर हाय तवर मी वर. ती उतरली का मी उतरली."
दादा गेल्यापासून त्या वर एकट्याच. बाकीची घरं मुंबईला, नाहीतर आमच्यासारखी खालच्या वस्तीत, पत्र्याखाली. मागच्या पावसात वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडली. हात आत जातो एवढी.
सा.चं म्हणणं, पावसाच्या आत देवी खाली आणायची. त्याला सगळ्या घरांचं ‘होय’ लागतं आणि सगळी घरं एका जागी कधी येत नाहीत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी विचारलं की त्यावर दहा गुलाबांचे फोटो पडतात, प्रश्न गाडला जातो. "काका, आपण फोरम काढू. प्रत्येक विषयाचं वेगळं पान. उशिरा आलेला माणूसपण पहिल्या ओळीपासून वाचेल."
मी म्हटलं, नाव ‘सहाण’ ठेव. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसते, गाव सहाणेवर बसतं, भांडतंही तिथेच.
देवापुढे दिवा झाला.

१४ फेब्रु., शनि.
दुकानात गर्दी नव्हती. थोड्या झेरॉक्स, एक सातबारा, एका पोराचा परीक्षेचा फॉर्म. सा. फोनवर सांगत गेली, मी मशीनवर करत गेलो. ॲडमिन आम्ही दोघं. खाती मी उघडून द्यायची असं ठरलं. म्हातारी माणसं कुठे फॉर्म भरत बसणार. माणसागणिक नाही, घरागणिक.
सुरुवात कुठून करावी कळेना. मग गाऱ्हाणं मनात म्हणत गेलो. वर्षातून दोनदा देवीपुढे उभं राहून घरांची नावं मीच घेतो, बाबांनी शिकवलेल्या क्रमाने. प्रत्येक नावाला त्या त्या घराचं ‘होय’ येतं. नाव घेतलं, खातं उघडलं. मध्ये थांबलं की क्रम चुकतो, म्हणून थांबलो नाही.
संपल्यावर पाहतो तर धोंडजीच्या घराचंही खातं उघडलेलं.
त्या घरात कुणी नाही. माझ्या जन्माआधीच बुडालं. वर नुसतं जोतं आहे. गाऱ्हाण्यातून नाव काढायचं धाडस कुणी केलं नाही, एवढंच. त्यांचं ‘होय’ गाऱ्हाणं घालणाऱ्यानेच म्हणायचं. बाबा म्हणत, आता मी म्हणतो.
खातं पुसायला हात धजला नाही.

४ मार्च, बुध.
शिमगा. मुंबईकर आले, वाडी भरली. घराघराला चिठ्ठी दिली, त्यात नाव आणि पासवर्ड. सुरेश, डोंबिवलीला लिफ्टचं काम करतो, तोंडाने मोकळा. सगळ्यांदेखत म्हणतो, "आप्पा, देवीलापण एक अकाउंट द्या. निदान ती फॉरवर्ड तरी करणार नाय." लोक हसले. वहिनीही हसल्या.
धोंडजीची चिठ्ठी माझ्या हातात उरली. फाडणं बरं दिसेना. देवीच्या पायाशी, फुलांखाली ठेवली.

१९ मार्च, गुढीपाडवा
सहाण भरू लागली. ज्यांची तोंडं वर्षानुवर्षं पाहिली नाहीत ते सकाळी उठून राम राम घालतात. एक घर सुरतेहून लिहितं. जुने फोटो, कुठला फणस कुणाचा, कुणाची पोर कुठे दिली. सुरेशने पाणवठ्याच्या विषयात क्रिकेट घुसवलं, ते उचलून वेगळ्या पानावर ठेवलं. लगेच लिहितो, "आप्पा, पोलिसपाटील व्हायचं राहिलं तुमचं."
मी पाणवठ्याच्या पानावर विचारलं होतं, वाट साफ करायला यंदा माणसं लावू या का? पहिलं ‘होय’ आलं ते धोंडजीच्या घराचं.
सुरेश: "सोता इचारायचं नि सोताच होय म्हणायचं. बरं हाय की आप्पा!"
मी लिहिलेलं नाही.
सा.ला फोन केला. ती म्हणाली, "कुणीतरी चिठ्ठी उचलली असेल काका. गंमत करतंय."
असेल.

२२ मार्च, रवि.
वर जाऊन आलो. शिमग्याची फुलं वाळून तशीच. खाली चिठ्ठी नाही.
वहिनींना विचारलं. "देवीफुडचं मी काय उचलत नाय भावजी. उंदरानं न्हेली आसंल. चा घेताव ना?"
चहा घेतला. उंदीर फोरमवर लिहीत नाही.

३ एप्रिल, शुक्र.
धोंडजीचं घर आता प्रत्येक विषयात आहे. एकच शब्द, आणि सगळ्यांच्या आधी. शाळेचं छप्पर, होय. उन्हाळ्यात टाकी, होय. लोकांना वाटतं मीच. दोनदा सांगितलं, मी नव्हे. त्यावर हसण्याच्या बाहुल्या आल्या. मग सोडून दिलं.
आज पहिल्यांदा वाक्य आलं. जुन्या फोटोंच्या पानावर.
"आमच्या अंगणात पातेरा साचलाय. पायरी दिसत नाही."
त्या जोत्याचा फोटो कुणी टाकलेला नाही. मुद्दाम सगळं पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.

५ एप्रिल, रवि.
वर गेलो. आधी जोत्याकडे. ऐनाच्या पानांचा घोटाभर थर. पण पायरी मोकळी. झाडलेली. केरसुणीच्या रेघा मातीत ताज्या.
वहिनी म्हणाल्या, "मीच झाडली. परवा सांजेला देवीला दिवा लावून येत व्हते. वाटलं कुणीतरी उभं हाय थितं, पायानं पायरी चाचपतंय. म्हातारं आसंल, पडंल, म्हनून झाडली."
"कोण होतं?"
"जवल गेले तर कोन नाय."
भाजी निवडावी तशा सहज बोलत होत्या. वर रेंज नाही. त्यांच्याकडे फोनही नाही. सहाण म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे दगडाचा चौथराच येतो.
विचारलं, हे धोंडजीचे गेले कसे?
"सासूबाय सांगायच्या. वालीत टाकलं व्हतं. सहानंवर बसू देत नसत. होलीचा नारल परत केला त्येंचा. मग एक दिस चूल पेटली नाय."
"गेले कुठे?"
"कुनी इचारलं नाय. म्हनून कुनाला ठाव नाय."
बाबांनी मला क्रम शिकवला, हे नाही शिकवलं. दिवा उशिरा झाला.

१८ एप्रिल, शनि.
देवी खाली आणण्याचा विषय सा.ने मांडला. प्रत्येक घराने बोलून घ्यायचं आणि शेवटी एकच शब्द लिहायचा. आधी खूप वाद. देवी डोंगराची, डोंगर सोडेल का? सुरतवाले म्हणाले, डोंगरच तिला सोडायला निघालाय. मग एकेक होय येऊ लागलं.
या पानावर धोंडजीचं घर गप्प. इतर सगळीकडे पहिलं, इथेच नाही.
सुरेशचा फोन. आवाज खाली आणून म्हणतो, "आप्पा, खरं सांगा. ते तुमी नाय?"
"नाही."
"आयशप्पथ?"
"देवीची शपथ."
"मंग मी आता ते फकस्त दुपारचंच उघडनार. लायटीत."

२६ एप्रिल, रवि.
सगळी घरं झाली. उरलं एक.
सा.: "एका क्लिकचं काम आहे काका. खातं बंद करते."
नको म्हटलं.
"आई तिथे एकटी आहे. वर भेग आहे. आणि तुम्ही बुडालेल्या घराची परवानगी मागताय?"
तिचं चुकत नाही. पण सहाणेवरून त्यांना एकदा उठवलंच आहे. मी पुन्हा उठवू?
तिने शोध घेतला, लिहिणारा कुठून लिहितो याचा. पोलादपूर दाखवतं म्हणे. पण माझं दुकानही पोलादपूर दाखवतं, आणि खालची वस्तीही. त्यावरून काही कळत नाही.
शेवटी मीच त्या पानावर लिहिलं. धोंडजीच्या घरा, तुमचं काय म्हणणं?
दुपारी जेवून आलो तर उत्तर.
"आमचं आम्ही सांगू. सहाणेवर."

१० मे, रवि.
पुढच्या रविवारी अधिक महिना लागतो. म्हणून आजच.
सगळे वर जमले. सहाणेवर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. नाव घेत गेलो, होय येत गेलं. धोंडजीचं नाव घेतलं आणि थांबलो. जन्मात पहिल्यांदा. ते म्हणाले होते, आम्ही सांगू.
कुणाला कळेना काय झालं. सुरेशला कळलं, त्याने टोपी काढली. जोत्याच्या अंगाने पातेरा वाजला, वारा नव्हता. माणसं चुळबुळायला लागली. मी वाट पाहत राहिलो.
समोर वहिनी, हातात देवीचा दिवा, पदराने आडोसा केलेला. त्यांच्या डोक्यावर डोंगर. भेग फेब्रुवारीपेक्षा रुंद दिसली. कदाचित मलाच दिसली.
"होय," मी म्हटलं.
दरवेळी म्हणतो तसंच. पण या वेळी ते म्हणायचा हक्क त्यांनी मला दिलेला नव्हता.
बाराच्या आत देवी उतरली. मागोमाग वहिनी, एक बोचकं घेऊन. सारिका आईच्या गळ्यात पडून रडली. सुटलो असं वाटायला हवं होतं.
संध्याकाळी वहिनी एवढंच म्हणाल्या, "भावजी, जरा थांबला आसताव."

२४ मे, रवि.
चौदा दिवसांत धोंडजीच्या घराचा शब्द नाही. कुठल्याच पानावर. सुरेशने नवा विषय काढला, खालच्या देवळाला रंग कुठला? लोकांनी रंग सांगितले. पण पहिलं होय आलं नाही म्हणून की काय, पान ओकंबोकं वाटतं. आणखी एकदोघांनी विचारलं, आप्पा, ते घर कुठे गेलं? महिन्यापूर्वी हेच हसत होते.
वहिनी आता माझ्याकडे, पण बोचकं सोडलेलं नाही. सांजेला दाराबाहेर डोंगराकडे तोंड करून बसतात.
"काय बघता?"
"पायरी झाडायची ऱ्हायली."

७ जून, रवि.
वरची वाट बंद केली. तलाठ्याने येऊन दोरी बांधली. आंबेनळी घाटात दरड आली, महाबळेश्वरची माणसं स्टँडवर अडकून माझ्या दुकानात फोन चार्ज करत बसली होती.
शेजारचे म्हणतात, काल दिवेलागणीला वर उजेड होता. देवीच्या जुन्या जागी नाही. अलीकडे, जोत्याच्या बाजूला.
मला दिसला नाही. मी पाहिलं नाही.
देवीपुढे दिवा लावला. बाजूला आणखी एक लावला.

११ जून, गुरु.
दुकान उघडून सहाण उघडली. मी एप्रिलमध्ये विचारलं होतं त्याच पानावर, माझ्या प्रश्नाच्या खाली.
"आप्पा."
एवढंच. नावाशेजारी हिरवा ठिपका, म्हणजे माणूस हजर आहे.
हात कीबोर्डवर गेला आणि मागे घेतला. घरी जाऊन वहिनींना सांगितलं. फोन, पान, ठिपका यातलं काही त्यांनी विचारलं नाही.
"ओ दिलीव?"
"नाही."
"देऊ नका. दोन हाका कुनी बी मारतं. तिसरी मानूसच मारतो. तिसरीला द्या."
बाबाही हेच सांगत. रानात, तिन्हीसांजेला.
सा.ला सांगितलं. ती म्हणाली, "काका, आपण फक्त एकच बाजू धरून बसलोय. खरंच कुणी असलं तर? त्या घरचं. नातू, पणतू. शिमग्याच्या गर्दीत आला, चिठ्ठीवर आपल्या घराचं नाव वाचलं, उचलली. हक्काची होती."
हे माझ्या मनात आलं नव्हतं. भूत असेल तर दिवा आहे, नारळ आहे, काहीतरी करता येतं. माणूस असेल तर त्याच्या घराने दोन पिढ्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि ते वाक्य मी सगळ्या गावासमोर त्याच्या तोंडून काढून घेतलं. वहिनींसाठी घेतलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन बहुतेक. त्याला हे कसं सांगू?

१३ जून, शनि.
दुसरी हाक आली. दुपारी, पाऊस पत्र्यावर एवढा की समोरच्या गिऱ्हाइकाचं ऐकू येत नव्हतं.
"आप्पा."
सुरेशने डोंबिवलीहून पाहिली, सुरतेच्या घराने पाहिली. सगळ्यांना कळतं काय चाललंय. कुणी त्या पानावर एक अक्षर लिहीत नाही. पण प्रत्येकाच्या नावापुढे ठिपका. सहाणेवर गाव बसलंय आणि गप्प आहे, असं मी फक्त लहानपणी पालखी उठायच्या आधी पाहिलेलं.
घरी जेवायला गेलो. वहिनींनी आज बोचकं सोडलं. दोन लुगडी, दादांचा फोटो आणि केरसुणी. केरसुणी दाराशी उभी करून ठेवली.
"पाऊस उघडला का जाऊ आपन," म्हणाल्या. "तुमी ओ देताव, मी पायरी झाडते."
परत दुकानात. दोन्ही दिवे इथेच, मशीनशेजारी लावले. ठिपका अजून आहे. सहाला शटर ओढतो रोज, आज ओढलेलं नाही.
तिसरी अजून नाही.