बारा तारखेचा चेक

२८ ऑगस्ट २००४

परत लेट फी. सलग तिसऱ्या महिन्यात! वर व्याज, त्यावर सेवाकर. बाबांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मोतीबिंदूचं ऑपरेशन क्रेडिट कार्डावर केलं तेव्हा ठरवलं होतं, दर महिन्याला थोडं थोडं फेडायचं, पण एक तारीख चुकू द्यायची नाही. त्यासाठीच तर घरखर्चाचं ते सॉफ्टवेअर घेतलं. बारा तारीख शेवटची. मी सातलाच चेक लिहिते, कॉम्प्युटरवर 'भरलं' अशी खूण करते, लाल ओळ हिरवी होते. चेक नवऱ्याच्या, अनिरुद्धच्या, पगाराच्या खात्याचा. ऑफिसला जाताना तो बँकेबाहेरच्या पेटीत टाकतो. आणि बँक म्हणते, चेक एकोणीसला मिळाला.

दिवसभर सीएच्या ऑफिसात दुसऱ्यांचे हिशेब मी जुळवते. माझ्या घरचा हिशेब हे बँकवाले चुकवणार?

अनिरुद्ध म्हणाला, "जाऊ दे ना, भरून टाकू." याचं सगळंच 'जाऊ दे'.

३० ऑगस्ट

अर्धी रजा टाकून बँकेत गेले. काउंटरवर शबनम शेख नावाची मुलगी. कॉम्प्युटरमधून काढलेला कागद तिच्यापुढे ठेवला. तिनं तो नीट वाचला, हे कबूल. मग म्हणाली, "मॅडम, पेटी रोज उघडतो आम्ही. तुमच्या चेकवर एकोणीसचाच शिक्का आहे. तुम्ही चेक लिहिला ती तारीख इथे दिसतेय. टाकला कधी, ते यात कुठंय?"

म्हणजे मी खोटी. मी म्हटलं, "मग आठवडाभर चेक तुमच्या पेटीत काय करत होता? अंडी उबवत होता?" रांगेतले लोक हसले. तिचे कान लाल झाले. मी थांबले नाही. म्हटलं, शिक्का मारण्यापलीकडे काही येत नसेल तर येणारा माणूस बसवा इथे. ती खाली मान घालून, "लेखी तक्रार द्या मॅडम," एवढंच म्हणाली.

रात्री जेवताना अनिरुद्धला सगळं साग्रसंगीत सांगितलं. अंड्यांचं सांगताना मलाच हसू आवरेना. तो हात धुवायला उठला.

९ सप्टेंबर

ठरलं. चूक लेखी कबूल करेपर्यंत बँकेला एक पैसा द्यायचा नाही. चेक लिहिलाच नाही. अनिरुद्ध म्हणाला, "अगं, भरू या. उगाच वाढेल." मी विचारलं, तू कोणाच्या बाजूनं आहेस? तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

२१ सप्टेंबर

सॉफ्टवेअर उघडलं की लाल ओळ दिसते. दिसू दे.

१४ ऑक्टोबर

फोन सुरू झालेत. कधी हिंदी, कधी इंग्रजी, सगळे एकच वाक्य पाठ करून आलेले. आज मुंबईच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर्ड पत्र टाकलं. शबनम शेखचं नाव घालून. 'उद्धट वर्तन, ग्राहकाला खोटं ठरवण्याचा प्रयत्न.' उद्धट लिहिताना हात जरा थांबला. पण नाव घातल्याशिवाय हे लोक जागे होत नाहीत.

७ नोव्हेंबर

कसं लिहू.

दुपारी वसुलीवाले घरी आले. दोघं, मोटरसायकलवर. आम्ही दोघंही बाहेर. शेजारच्या सोजरबाईंनी सांगितलं, घरी कुणी नाही, म्हातारबा विहारात असतील. तर हे तिथे गेले. रविवारची ट्रस्टची बैठक चाललेली. पलीकडे अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरं. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून या विहाराचे खजिनदार बाबाच. अभ्यासिकेसाठी वर्गणी मागत त्यांनी सगळी खडकी पालथी घातली, दर रुपयाची पावती दिली.

तर त्यातला एक दारातूनच ओरडला, "भीमराव कोण? पोरगा पैसे बुडवून बसलाय, आणि बाप इथे हिशेब सांगतोय?"

बैठकीतले वैजनाथकाका उठले, दोघांना बाहेर काढलं. बाबांनी म्हणे बैठक पुरी केली, चालत घरी आले, पाणी मागितलं.

मला म्हणाले, "किती रक्कम आहे?" मी सांगितली. म्हटलं, बाबा, आपली चूक नाहीये, बँकेची आहे. ते म्हणाले, "असेल. तू शिकलेली आहेस, लढ."

ते दोघं मला सापडायला हवे होते. अंग नुसतं पेटलंय. अनिरुद्ध बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता. बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले. मला त्याचाही राग आला. बापाचा असा अपमान झाला, आणि हा रडतो!

८ नोव्हेंबर

बाबांनी खजिनदारपद सोडलं. कपाटाच्या किल्ल्या वैजनाथकाकांच्या हातात दिल्या. सगळ्यांनी विनवलं. बाबा म्हणाले, "ज्याच्या दारात वसुलीवाले येतात, त्यानं लोकांची वर्गणी सांभाळू नये. खरंखोटं नंतर. लोकांना शंका यायला नको."

बँकेला दुसरं पत्र. पोलिसांत अर्ज. वकिलांशीही बोलले. आता सोडत नाही.

२६ नोव्हेंबर

जिंकले.

बँकेचं पत्र आलं. सगळी लेट फी माफ, व्याज माफ, फक्त मुद्दल भरा. वसुलीवाल्यांच्या वागण्याबद्दल दिलगिरी. 'संबंधित कर्मचाऱ्यावर योग्य ती कारवाई करण्यात आली आहे.' शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

पत्र बाबांना दाखवलं. म्हटलं, चला, ट्रस्टींना दाखवू, किल्ल्या परत घ्या. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, घडी करून माझ्या हातात दिलं. "चांगलं झालं. पण वैजनाथ नीट करतोय काम. त्याच्याकडून कशाला काढून घ्यायचं?" मग आतल्या खोलीत जाऊन आडवे झाले. रविवारीसुद्धा हल्ली विहारात जात नाहीत.

मी जिलबी आणली होती. अनिरुद्धनं तोंडालासुद्धा लावली नाही.

२७ नोव्हेंबर

सकाळी बुटाची लेस बांधता बांधता, वर न बघता अनिरुद्ध म्हणाला, "चेक मी उशिरा टाकत होतो." जूनपासून त्यांच्या कंपनीत पगार एकोणीसच्या आसपास होतोय. तोवर खातं रिकामं. बाउन्स होईल म्हणून चेक बॅगेत ठेवायचा. घरखर्चाला मित्राकडून उसने पैसे आणत होता. मी विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाला, "सांगणार होतो. त्या दिवशी तू बँकेतून आलीस. तिला काय काय बोललीस ते सांगत होतीस, हसत होतीस. मला भीती वाटली."

तो गेल्यावर बँकेत फोन केला. शबनम शेख आहेत का? पलीकडची मुलगी म्हणाली, त्यांना दिवाळीच्या आधीच काढलं.